वाचकांचे प्रश्न : प्रतिसाद न देणाऱ्या मुलांमध्ये देवाची प्रीती कशी अनुभवावी?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या गावाजवळच्या एका मिशनच्या बालगृहात मुलींचा अभ्यास घेते. या मुलींच्या सहवासात देवाची निरपेक्ष प्रीती अनुभवायला मिळेल, असे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगितले गेले होते आणि त्याच आशेने मी गेले. परंतु तेथील एक दहा वर्षांची मुलगी मी दिलेल्या वह्या फाडते, पोटभर जेवूनही भाकरी उशाखाली लपवते, प्रार्थनेला बसत नाही आणि जवळ घेऊ लागले तर “तुम्हीपण जाणारच ना?” असे विचारते. मला थकवा येतो आणि रागही येतो. माझ्या विश्वासातच काही उणे आहे का?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : भगिनी, आपला विश्वास उणा नाही, आपल्याला दिलेले आश्वासन मात्र चुकीचे होते. अनाथ किंवा निराधार मुलांची सेवा केली की त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांतून देवाची प्रीती आपल्यापर्यंत पोहोचते, असे आपल्या मंडळ्यांमध्ये फार सहज बोलले जाते, आणि त्या बोलण्यावर विसंबून गेलेले कितीतरी मनःपूर्वक सेवक थोड्याच काळात खिन्न होऊन परततात. आधीच पुष्कळ गमावलेल्या मुलाने आपल्याला आनंदही द्यावा, ही अपेक्षा त्या मुलावर अन्याय करणारी आहे.

या बाबतीत पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मार्च 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांना आणि मुलींना आश्रय व शिक्षण देणारे शारदा सदन सुरू केले. पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या अनुभवाच्या कथनात, त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यानंतर आपल्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे विधवांची आणि मुलींची सेवा चालू असतानाही त्यांचे अंतःकरण तहानलेलेच होते, आणि ती तहान भागली ती मुलींच्या कृतज्ञतेने नव्हे. आपल्या कोणत्याही कर्मावाचून देव आपल्याला स्वीकारतो, हे त्यांनी स्वतःपुरते मान्य केले तेव्हा ती भागली. त्यानंतर 1893 मध्ये धर्मांतराच्या वादामुळे अनेक पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या, तरी रमाबाईंनी काम सोडले नाही. आणि 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या, ज्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. रमाबाईंनी आपले आई-वडील तरुणपणी दुष्काळातच गमावले होते, त्यामुळे भूक माणसाचे काय करते हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातही हाच क्रम आहे : देवाने आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. ज्या क्षणी त्या मुलीने वही फाडली आणि आपल्याला राग आला, त्या क्षणी आपण देवाच्या जागी नसून त्या मुलीच्याच जागी आहोत, हे जरा विचारात घ्यावे. आपणही देवाने दिलेले कितीदा फाडून टाकले आहे, उद्याची भाकरी मिळणार नाही या भीतीने कितीदा साठवून ठेवले आहे, आणि तरीही त्याने पाठ फिरवलेली नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे पौल रोमकरांस लिहितो. मला वाटते, बालगृहात देवाची प्रीती अनुभवायची वाट हीच आहे, आणि ती आपल्या थकव्यातून जाते.

आता त्या मुलीविषयी. ज्याने उपासमार सोसली आहे ते मूल पोट भरल्यावरही अन्न लपवते. तो कृतघ्नपणा नव्हे, तो भूतकाळाचा धाक आहे. तिला रागावू नये आणि भाकरी सर्वांसमोर काढूनही घेऊ नये. झोपण्यापूर्वी काही खाऊ तिच्या हाती देता येईल का, हे अधीक्षिकांना विचारावे. “तुम्हीपण जाणारच ना?” या प्रश्नावर “कधीच जाणार नाही” असे खोटे वचन देऊ नये. पुढच्या कोणत्या वारी येणार ते सांगावे आणि त्या वारी जावे; येणे जमणार नसेल तर आधी कळवावे. तिची इच्छा नसेल तर जवळ घेण्याचा आग्रह धरू नये.

प्रार्थनेच्या बाबतीत मी अधिक स्पष्ट लिहितो. जेवण, माया किंवा शिकवणी यांच्याशी प्रार्थनेला बसण्याची अट जोडली, तर आपण ज्या प्रीतीची साक्ष द्यायला निघालो तिलाच खोटे पाडतो. मूल बसले नाही तरी त्याच्या ताटात तेवढेच वाढले गेले पाहिजे. प्रभूने बालकांना जवळ येऊ द्या असे शिष्यांना सांगितले, त्यांना ओढून आणा असे सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारली नाही तरी सांगणे भाग आहे. मंडळीत साक्ष देताना किंवा मदत गोळा करताना या मुलीचे नाव, छायाचित्र किंवा तिची ओळख पटेल अशी कहाणी कृपया सांगू नये. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. आणि कायदा नसता तरी तिचे दुःख हे तिचे आहे, आपल्या साक्षीचे साहित्य नव्हे. साक्ष द्यायचीच असेल तर आपल्या रागाची आणि देवाने त्या रागात आपल्याला कसे धरून ठेवले त्याची द्यावी.