एकट्याने वल्हवत महासागर पार केल्यावर किनाऱ्यावर लगेच चालता येतं का?

नाही हो, लगेच नाही जमत. रॉझ सॅव्हेज नावाच्या बाईनी २००५-०६ मध्ये कॅनरी बेटांवरून निघून अँटिग्वापर्यंत एकटीनं अटलांटिक पार केला, १०३ दिवस लागले, चारही वल्ही वाटेत मोडली तर तीच बांधून-जोडून वापरली, वरून सॅटेलाइट फोन पण बंद पडला. एवढे दिवस उभं राहून चालणंच नाही म्हणल्यावर पिंढऱ्या बारीक होतात अन् कानातला तोल लाटांना सरावतो, मग उतरलं की जमीनच हलायली वाटतं. मी पैठणला जायकवाडीत मासेमारीच्या होडीत दोनच तास बसलो होतो तर रात्री खाटेवर डुलायलो होतो, आता बोला! तळहाताला घट्टे अन् बसायच्या जागी खाऱ्या पाण्यानं फोड, ते वेगळंच. पहिल्यांदा तर कुणाचा तरी हात धरूनच उतरावं लागतं.