तो सुटावा असं मला का वाटलं?

प्रश्न : मुलाच्या आग्रहावरून ‘अ हार्ड डे’ हा कोरियन थरारपट पाहिला. आईच्या अंत्यविधीच्या रात्री एका पोलिसाच्या गाडीखाली माणूस येतो आणि हा पठ्ठ्या प्रेत लपवतो. चूक आहे हे कळत असूनही तो पकडला जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते! पुढे कळतं, त्या माणसाला आधीच गोळ्या लागल्या होत्या. मग पोलिसाचा गुन्हा उरतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : उरतो. मी आयुष्यभर वकिली केली, त्यामुळे माझं पहिलं लक्ष जातं ते कुणाला काय, कधी माहीत होतं याकडे. गोळ्यांच्या खुणा त्याला दिसतात त्या पुरलेली शवपेटी पुन्हा उकरल्यावर. प्रेत डिकीत टाकताना आपल्याच गाडीनं माणूस मेला, अशी त्याची पक्की समजूत होती. गाडी धडकणं त्याच्या हातात नव्हतं, डिकी उघडणं होतं. त्यातून कचेरीत लाचेच्या पैशांसाठी झडती चाललेली. म्हणजे स्वारी आधीपासूनच काही धुतल्या तांदळासारखी नव्हती.

पण तुम्ही त्याच्या बाजूनं झालात, यात नवल नाही. दिग्दर्शक किम सोंग-हून यांनी २०१४ साली हा सापळा आपल्यासारख्यांसाठीच लावलाय. शवागाराचा प्रसंग आठवा. पाळतीच्या कॅमेऱ्यासमोर फुगे, हवेच्या डक्टमधून सरपटत जाणारा लेकीचा खेळण्यातला सैनिक, त्याला बांधलेली दोरी, आणि मग त्या दोरीनं इंच इंच ओढलं जाणारं प्रेत. माणूस घाम गाळून, डोकं लढवून काही करताना दिसला की ते तडीस जावं असंच आपल्याला वाटतं. काम कसलं आहे, हे मन विचारतच नाही. आणि ते प्रेत जातं कुठे, तर आईच्या शवपेटीत! कोरियात मुलगा हा मुख्य शोककर्ता. आल्यागेल्याचं नमन स्वीकारत त्यानं तिथेच थांबायचं असतं. शवपेटीतून मेलेल्याचा फोन वाजू लागतो तेव्हा मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

दुसरी लबाडी म्हणजे पार्क चांग-मिन. इतका नीच पोलीस समोर उभा केला की आपला लाचखोर आपोआप बरा वाटू लागतो. (त्या भूमिकेत चो जिन-उंगनं कामही असं केलंय की बोलायची सोय नाही.) पटकथेची ही पळवाट मला फारशी रुचली नाही. पार्क नसता, तर आपली खरी परीक्षा झाली असती.

मुलाला पुढच्या खेपेला ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा दुसरा कोरियन चित्रपट लावायला सांगा. तिथले पोलीस खुनी शोधतायत, पण संशयितांना मारझोड करून. तिथे बाजू घेणं तुम्हाला इतकं सोपं जाणार नाही.