गाडग्यातलं घनसाळ

प्रश्न : सासूबाई गेल्यावर माळा आवरताना गाडगं सापडलं. आत राखेत पुरलेलं घनसाळचं भात आहे, निदान सात वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्याच्या खाली चूल पेटायची; चार वर्षं झाली, गॅस आहे. मुलगा म्हणतो, दोन हजार वर्षांचं बीसुद्धा उगवलंय. पेरू का कोंबड्यांना घालू?
– एक वाचक, आजरा तालुका

उत्तर : ताई, कोंबड्यांना घालू नका. आधी तपासा.

मुलगा म्हणतो ते खरं आहे. इस्राएलमध्ये मसादाच्या किल्ल्यात खजुराच्या बिया सापडल्या होत्या. 2005 साली त्यातली एक लावली आणि ती रुजली. वय सुमारे दोन हजार वर्षं! पण मसादा मृत समुद्राकाठी, कोरड्या वाळवंटात. आपल्या आजऱ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा?

मी कोल्हापुरात तीस वर्षं बियाणं तपासलं. बी जिवंत असतं, श्वास घेतं. ओल आणि ऊब मिळाली की त्याची शिदोरी भराभर संपते. ढोबळ हिशेब असा, की दाण्यातली ओल एक टक्क्यानं उतरवली तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात उणे 18 अंशांवर बी ठेवतात, तेही आधी नीट वाळवूनच. सासूबाईंनी राख घातली ती ओल शोषायला आणि कीड रोखायला. चुलीचा धूर दाणा कोरडा ठेवायचा. मला काळजी आहे ती चूल विझल्यानंतरच्या चार पावसाळ्यांची.

असं करा. वरचे-खालचे मिसळून 100 दाणे मोजून घ्या, निवडून चांगले नकोत. रात्रभर भिजवा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ओळीनं मांडा, गुंडाळा, उबेला ठेवा. गोणपाट ओलसर हवा, निथळता नको. पाचव्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा कोंब मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट असतील तेच धरा. प्रमाणित भात बियाण्याला 80 टक्के उगवण लागते. तुमच्याकडे पाच उगवले तरी मला आनंद होईल, कारण पाच रोपं म्हणजे पाच चुडं, आणि एका चुडाला शेकड्यांनी दाणे.

भात बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, म्हणून वाण सहसा बिघडत नाही. तरी दुसऱ्या भातापासून तीन-चार मीटर लांब लावा. वेगळी दिसणारी लोंबी बियाण्यात घेऊ नका. घनसाळचा वास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, तो पारखा. आजरा घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कागद आहेत. वाण टिकतो तो शेतात.

माझी आई बियाण्याचं भात दाताखाली धरून बघायची. मऊ चेपलं तर पुन्हा उन्हात. कट्ट वाजून तुटलं की मगच गाडगं भरायचं. आषाढात घरातलं धान्य संपलं तरी त्या गाडग्याला हात लावू दिला नाही तिनं. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, तेव्हा तिथल्या बीजसंग्रहातले काही शास्त्रज्ञ भाताची, गव्हाची पोती समोर असताना उपासमारीनं मेले. ते वाचताना मला आईच आठवली.

नव्या सुगीचं बी दोन घरांत ठेवा. एक गाडगं तुमच्याकडे, दुसरं नणंदेकडे. आणि चौदाव्या दिवशी किती कोंब आले तो आकडा मला नक्की कळवा.