धाकट्याच्या लग्नात करवली होताना

अगं, पहिल्यांदाच करवली होते आहेस ना? मग साडीची काळजी नंतर, आधी भावाकडे बघ. हळदीपासून नवरदेवाला कोणी धड जेवू देत नाही. दोन घास तूच भरव. मंगलाष्टकं सुरू झाली की शकुनाचा करा, म्हणजे पाण्याचा छोटा कलश, घेऊन त्याच्या मागे उभी राहा. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या तर हळूच बाजूला सार, तुझा हात ओळखून तो शांत होईल. रडू आलं तर येऊ दे गं, ज्याला कडेवर घेऊन फिरलीस त्याचं लग्न आहे! गृहप्रवेशाला दार अडवून ‘तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?’ हे मात्र विचारायचंच. फार ताणू नकोस, नवरी दमलेली असते. तिला आत नेऊन आधी पाणी दे.