आई ए, वडील बी, मग मूल ओ कसं?

प्रश्न : माझा रक्तगट ए, पतीचा बी आणि मुलाचा ओ आला. घरात कुजबुज सुरू झाली आहे. असं होऊ शकतं का?

उत्तर : अगदी सहज होऊ शकतं. कुजबुजणाऱ्यांना हे उत्तर वाचायला द्या. रक्तगटाची जनुकं प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. ओचं जनुक ए किंवा बीच्या आड दडून बसतं, तपासणीत दिसत नाही. तुमची जोडी ए-ओ आणि पतीची बी-ओ असेल, तर दोघांचाही ओ मुलाकडे जाण्याची शक्यता चारात एक. पुढचं मूल ए, बी किंवा एबीही होईल.

दोघेही ओ असतील तर मात्र मूल ओच व्हायला हवं. त्यालाही अपवाद आहे : डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगापुढे मांडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट. ए आणि बीचे अँटिजेन (पेशींवरच्या ओळखखुणा) ‘एच’ नावाच्या ज्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसतो. ए किंवा बीचं जनुक असूनही साध्या तपासणीत ते ओ दिसतात, आणि ते जनुक मुलाकडे गेलं की मूल ए किंवा बी निघतं. अशा व्यक्तीला ओचं रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. तेव्हा रक्तगट बघून कुणाचा बाप ठरवू नये. शंका खरीच असेल, तर त्यासाठी डीएनए चाचणी आहे.

प्रश्न : नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मुलांत दोष येतो का?

उत्तर : नाही. ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण जाता जात नाही. बघायचं असतं ते आरएच, म्हणजे रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. पत्नी निगेटिव्ह, पती पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह होऊ शकतं. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मिसळल्या की तिच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होतात. पहिलं बाळ बहुधा सुटतं, पुढच्याला त्रास होतो. म्हणून साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. गर्भपात झाला तरी याबद्दल डॉक्टरांना विचारा, हे नेमकं विसरलं जातं.

प्रश्न : ऑपरेशनसाठी सख्ख्या भावाचं रक्त घ्यावं म्हणते. गट जुळतो. परक्यापेक्षा बरं ना?

उत्तर : मन तसंच सांगतं, पण शक्यतो घेऊ नका. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी तुमच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, तग धरतात आणि उलट तुमच्याच पेशींवर हल्ला करू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेकदा जिवावर बेततं. घ्यावंच लागलं तर पिशवीला आधी किरणोत्सर्ग देतात. भावाचं रक्त दुसऱ्या कुणाला द्या, तुम्ही रक्तपेढीतलं घ्या. आणि गट जुळला तरी क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त आधी एकमेकांशी पडताळणं) टाळू नये, कारण ए, बी आणि आरएच सोडूनही पेशींवर पुष्कळ अँटिजेन असतात.

प्रश्न : मी एबी पॉझिटिव्ह. माझं रक्त कुणाच्याच कामाचं नाही, असं मित्र चिडवतात.

उत्तर : तांबड्या पेशी फक्त एबी पॉझिटिव्हलाच चालतील, हे खरं. प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरणाऱ्या द्रवाचं, गणित मात्र नेमकं उलटं : एबीच्या प्लाझ्मात ए आणि बीविरुद्धच्या अँटिबॉडी नसतात, म्हणून तो कुठल्याही गटाला देता येतो. ओ निगेटिव्हवाल्या मित्राच्या प्लाझ्माचं तसं नाही, तो फक्त ओलाच चालतो.