पवई तलावातला गाळ काढला तर मुंबईची पाणीकपात टळेल का?

नाही टळणार. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरतच नाहीत, ते कारखान्यांना वगैरे जातं, आणि तलाव काठोकाठ भरला तरी साधारण 545 कोटी लिटर, म्हणजे मुंबईला रोज जे 385 कोटी लिटरच्या आसपास पुरवलं जातं त्या हिशोबाने दीड दिवसाचंसुद्धा नाही. आपलं पिण्याचं पाणी मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा इकडून येतं.

पण म्हणून गाळ काढू नये असं अजिबात नाही! हिशोब सोपा आहे, एक घनमीटर गाळ निघाला की हजार लिटरची जागा मोकळी होते. फक्त आधी सांडपाण्याचे नाले बंद झाले पाहिजेत, कारण मैला येत राहिला की जलपर्णी वाढते, ती कुजून तळाला बसते आणि परत तोच काळा वास मारणारा चिखल तयार होतो, मग पोकलेन लावून काय फायदा? ओला गाळ लगेच डंपरमध्ये भरला तर निम्मं पाणीच वाहून नेतो आपण, म्हणून काठावर निथळू द्यावा लागतो. गावाकडे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मध्ये शेतकरी गाळ शेतात टाकतात तसं इथे डोळे झाकून करता येत नाही, गटाराचा गाळ तपासल्याशिवाय शेतात नकोच.

आणि एक, पवईत मगरी आहेत, उन्हाळ्यात त्या काठावरच अंडी घालतात आणि नेमकं गाळाचं कामही उन्हाळ्यातच निघतं. वन विभागाला विचारून, तेवढा काठ सोडूनच मशीन उतरवायला हवी.