फॅन्सी ड्रेसचे पोशाख आयात करताना ९५०५ लावायचा की कपड्यांचा कोड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात गॅदरिंगसाठी भाड्याने पोशाख द्यायचं दुकान आहे, पहिल्यांदाच चीनहून माल मागवताय. त्यात सुपरहिरोचे अंगाला चिकटून बसणारे सूट, वाघ-माकडाचे फरचे पोशाख, चेटकिणीचे झगे, समुद्री चाच्यांचे शर्ट-जाकीट-पँटचे संच, मुखवटे, परीचे पंख आणि प्लॅस्टिकच्या गदा-तलवारी आहेत. पुरवठादाराने सगळ्याला ९५०५ ९० हा एकच कस्टम्सचा वर्गीकरण कोड लावून बिल पाठवलंय आणि तुमचा सीएचए (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट) म्हणतो, हे कपडे आहेत, तो कोड चालणार नाही. कोणाचं खरं?

सीएचएचं. निदान अंगात घालायच्या कापडी मालापुरतं तरी नक्की.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटची आयात-निर्यातीची कागदपत्रं बघतो, त्यामुळे कस्टम्सच्या दरसूचीतली ६१ (होजिअरीच्या कापडाचे कपडे) आणि ६२ (मागावरच्या कापडाचे कपडे) ही प्रकरणं माझ्या रोजच्या कामातली. ९५०५ या शीर्षकात (शीर्षक म्हणजे कोडचे पहिले चार आकडे) सणासुदीच्या, कार्निव्हलच्या आणि करमणुकीच्या वस्तू येतात. नुसतं शीर्षक वाचलं तर फॅन्सी ड्रेस तिथेच जायला हवा असं कोणालाही वाटेल. पण ९५ व्या प्रकरणाच्या सुरुवातीला, या प्रकरणात काय काय धरू नये याची टीप आहे आणि त्यात कापडाचा फॅन्सी ड्रेस स्पष्ट लिहिलाय: तो ६१ किंवा ६२ चा. ही टीप आपल्या १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचाच भाग आहे, म्हणजे कायदाच. जागतिक सीमाशुल्क संघटनेची स्पष्टीकरणंही तेच सांगतात. मुखवटे, खोटी नाकं-कान, कागदी टोप्या ९५०५ मध्ये आणि कापडी पोशाख बाहेर. ही स्पष्टीकरणं भक्कम मार्गदर्शक मानावीत असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या निकालात म्हटलेलं आहे.

मग पुरवठादाराने ९५०५ का लावला? तो फसवतोय असं नाही. त्याचं गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेत असणार, आणि तिथली गोष्ट खरोखर वेगळी आहे. अमेरिकेत कृत्रिम धाग्याच्या काही कपड्यांवर मूळ शुल्कच ३० टक्क्यांच्या आसपास आणि ९५०५ च्या पोशाखांवर शून्य. एवढी तफावत असल्यावर भांडण कोर्टात जाणारच. २००३ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने रुबीज कॉस्च्युम कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की टीप फक्त खऱ्या अर्थाने कपडा म्हणावा अशा पोशाखाला लागू होते. तकलादू, एक-दोनदा घालून टाकून द्यायचा, कोणी एरवी घालणार नाही असा पोशाख ९५०५ मध्येच राहतो. त्यात विदूषक, चेटकीण, चाच्या असलेच पोशाख होते, म्हणजे जवळपास तुमचीच यादी.

यातली गंमत अशी की रुबीज तेव्हा उलट बाजूने भांडत होती. ती स्वतः पोशाख बनवणारी कंपनी. बाहेरून येणारा स्वस्त माल कपडा ठरवा आणि त्यावर शुल्क लावा, अशी तिची मागणी होती. ती हरली. पुढे तीच कंपनी सांताक्लॉजचा उंची पोशाख आयात करायला लागली आणि हा करमणुकीचा माल आहे, शुल्क नको, म्हणून कोर्टात गेली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की हा अस्तराचा, नीट शिवलेला, पुन्हा पुन्हा घालता येईल असा पोशाख आहे, म्हणून तो कपडाच. जाकीट, पँट, हातमोजे वेगवेगळ्या शीर्षकांत गेले आणि खेळण्यांची झोळी तर थेट बॅगांच्या ४२०२ मध्ये. दोन्ही वेळा हरली बिचारी.

तकलादू म्हणजे काय, हे अमेरिकी कस्टम्स पोशाख उलटा करून बघतं. गळ्याची आणि बाहीची कड दुमडून शिवली आहे की कापड नुसतं कापून सोडलंय? पाठीला चेन आहे, काज-बटण आहे, की मानेशी वेल्क्रोचा एकच तुकडा? आतली शिलाई पक्की की ओव्हरलॉकचा एक विरळ हात, ताणला की धागा निघणारा? नक्षी शिवलेली की छापलेली? आपल्याकडे गणवेश शिवणारा कुठलाही कारागीर हे अर्ध्या मिनिटात सांगेल. तुमचा चेटकिणीचा झगा या कसोटीवर अमेरिकेत सहज ९५०५ ठरला असता.

पण माल न्हावाशेवाला उतरतोय, लॉस एंजेलिसला नाही. अमेरिकी निकाल आपल्या कस्टम्सवर बंधनकारक नाही आणि आपल्या टॅरिफमध्ये तकलादूपणाची अशी कसोटी लिहिलेली नाही. टिपेचे शब्द दोन्हीकडे सारखे आहेत, तेव्हा तोच युक्तिवाद इथे करता येणारच नाही असं नाही. पण भाड्याने द्यायचा माल दहा वेळा धुतला जाणार, वीस पोरं घालणार. तो 'एकदा घालून टाकायचा' आहे हे तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?

आता प्रत्येक नगाचं बघू, कारण नुसतं 'कपडे' म्हणूनही काम भागत नाही. सुपरहिरोचा सूट ताणला जातो, म्हणजे होजिअरीचं कापड, म्हणजे ६१. अख्खा एकसंध सूट असेल तर ६११४. वाघ-माकडाचं फर सहसा होजिअरीच्याच पाठीवर असतं, तेही तिथेच. पण कापड उलटं करून खात्री करा. चेटकिणीचा झगा साटीनचा, मागावरचा असेल तर ६२, मुलींचा ड्रेस म्हणून ६२०४. हल्ली काही स्वस्त झगे भाजीच्या पिशवीच्या नॉनवोव्हन कापडाचे येतात, ते ६२१० मध्ये जातात. निव्वळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा असेल तर ३९२६.

चाच्याचा संच सगळ्यात त्रासाचा. एका पिशवीत आला म्हणून तो एक नग होत नाही. कापडाच्या विभागाची टीप सांगते की वेगवेगळ्या शीर्षकांतले कपडे संच म्हणून विकले तरी ज्याच्या त्याच्या शीर्षकात जातात. म्हणजे शर्ट वेगळा, पँट वेगळी, जाकीट वेगळं. शिवाय मुलाचं की मुलीचं हेही ठरवावं लागतं आणि त्यालाही नियम आहे: समोरून उघडणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर मुलाचा, उजवी डावीवर येत असेल तर मुलीचा, आणि काहीच कळत नसेल तर मुलीच्या खात्यात. चिनी कारखान्याने काज कुठल्या बाजूला केलंय यावर तुमचं शीर्षक बदलतं. गोकुळाष्टमीला वर्षभराच्या बाळांसाठी छोटे पोशाख मागवणार असाल तर ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांचे कपडे ६१११ किंवा ६२०९ मध्ये जातात. बालवाडीतली पोरं त्याहून उंच असतात, त्यांना ते लागू नाही.

मुखवटे खुशाल ९५०५ ९० मध्ये टाका. परीचे पंखही तिथे मांडता येतात, ते अंग झाकणारा कपडा नव्हेत. एकसंध सूटच्या पिशवीतच मुखवटा असेल तर मात्र तो सूटबरोबर जातो, कारण त्या संचाची मुख्य ओळख सूटने ठरते.

गदा-तलवारींचं काय करायचं? माझं ऐकाल तर त्या या मालातून काढून टाका. सुट्या आल्या तर ती खेळणी ठरतील, म्हणजे ९५०३. खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० वर नेलं होतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ते नसेल तर शुल्क भरायची तयारी असूनही माल सुटत नाही, आणि चार तलवारींपायी अख्खा माल अडकून डेमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचं भाडं) चढतं. त्या इथेच घ्या. मावळ्यांचे पोशाखही इथेच शिवून घ्या; गणवेशाच्या गावात राहून बाहेरून कशाला आणायचे?

पैशांबद्दल. कपड्यांच्या काही ओळींना टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांतलं जे जास्त ते लागतं. स्वस्त पोशाखांना ही नगामागची रक्कम बोचते, तेव्हा आठ आकडी कोड ठरल्यावर आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर बघूनच हिशेब करा. मूळ शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला तो ५ टक्के आहे. आणि एक गोष्ट पुरवठादार आपणहून सांगणार नाही: कापडी मालाला घातक अॅझो रंग वापरलेले नाहीत याचं प्रमाणपत्र लागतं. ते माल निघायच्या आधीच मागून घ्या, नाहीतर इथे नमुने काढून तपासणीला जातात आणि तोवर तुमचं डिसेंबरचं गॅदरिंग उरकलेलं असतं.

'आधी ९५०५ टाकून बघू, अडवलं तर बदलू' हा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. २०११ पासून बिल ऑफ एंट्रीवरचं (आयात मालासाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदावरचं) वर्गीकरण आयातदाराने स्वतः करायचं असतं, जबाबदारी तुमची. माल सुटला म्हणजे सुटलात असंही नाही; फरकाची नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते आणि माहिती दडवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. दरवर्षी मोठा माल आणायचा विचार असेल तर मुंबईच्या अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे आधीच निर्णय मागता येतो, तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. एका खेपेसाठी ते करू नका.

आत्ता पुरवठादाराकडून नवीन इनव्हॉइस मागवा. 'पार्टी कॉस्च्युम' असं मोघम नको. प्रत्येक नगापुढे धाग्याचं प्रमाण, होजिअरी की मागावरचं, मुलाचं की मुलीचं, उंचीचं माप, आणि संच असेल तर आतल्या प्रत्येक कपड्याची वेगळी किंमत. सीएचएला ते मिळालं की बाकी तो करेल.